बिनगजाची खिडकी

सकाळी आठच्या सुमाराला आमच्या गल्लीच्या तोंडाशी लोखंड वाजतं. तिथे मोठ्या रस्त्यावर एक गतिरोधक आहे. कुणीतरी रागाच्या भरात बांधला असावा, इतका उंच. औद्योगिक वसाहतीतल्या मिलमधून सळया भरून निघालेला ट्रक त्याच्यावर चढतो, कण्हतो, आधी पुढची चाकं उतरतात, मग मागची, आणि सगळ्यात शेवटी ट्रकच्या पाठीमागे बाहेर आलेली सळयांची टोकं वर-खाली झुलतात आणि एकमेकींवर आपटतात. टोकांना बांधलेलं लाल फडकं पुढच्या वळणापर्यंत हलताना दिसतं. मी त्या वेळी ओट्याशी उभी राहून चहा गाळत असते. पूर्वी दोन कप असायचे, आता एक. पातेलं मात्र मी बदललेलं नाही, त्यामुळे एका कपाचा चहा त्याच्या तळाशी अगदी हरवल्यासारखा दिसतो.

लोखंड वाजलं की वर्तमानपत्रातून डोकं न काढता माझे यजमान म्हणायचे, "सोळाची गेली." किंवा, "बाराची हाये." म्हणजे सळईची जाडी किती मिलिमीटर, ते. सळयांच्या नुसत्या आवाजावरून. पहिली काही वर्षं मला वाटायचं, हा माणूस थापा मारतो आणि इंग्रजीच्या मास्तरणीला गंडवण्याची हौस भागवून घेतो. मग एकदा मी पायात चपला सरकवून रस्त्यापर्यंत धावत गेले, ट्रकवाल्याला थांबवून विचारलं. सोळाचीच होती. परत आले तर स्वारी पेपराच्या आड हसत होती. "काय बाई, पेपर तपासून आल्या का? किती मार्क दिले?" असं विचारलं होतं मला. आता त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. लोखंड वाजलं की मीच मोठ्यानं म्हणते, "बारा." बरोबर की चूक, ते सांगायला स्वयंपाकघरात कुणी नसतं.

ते रोलिंग मिलमध्ये होते, भट्टीपासून दहा पावलांवर, उभं आयुष्य. लग्नानंतर एकदा त्यांनी मला मिल दाखवायला नेलं होतं. मी वहीत लिहून आणावं अशा तयारीनं गेले आणि दारातच थिजले. भट्टीतून लालभडक ठोकळा बाहेर यायचा आणि एका रुळातून दुसऱ्या रुळात जाताना बारीक आणि लांब, आणखी बारीक आणि आणखी लांब होत जायचा. माझ्या आईच्या हाताखालच्या शेवया आठवल्या मला. एवढ्या आगीत शेवया आठवल्या म्हणून मी हसले, आणि त्यांनी ते हसू मिल आवडल्याची पावती म्हणून खिशात टाकलं. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याला ठिणग्यांनी पाडलेली टाचणीएवढी भोकं असायची. धुतले तरी त्या कपड्यांना तापलेल्या लोखंडाचा वास यायचा. तो वास मला आवडतो असं मी त्यांना कधी सांगितलं नाही. उलट रोज नाक मुरडलं.

मी नवीन जालन्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. आठवीच्या वर्गात दरवर्षी एक तास मी केवळ एका शब्दासाठी राखून ठेवत असे. फळ्यावर इंग्रजीतली तीन अक्षरं लिहायची, 'बार', आणि मुलांना विचारायचं, सांगा, याचा अर्थ काय? जालन्यात पहिला हात नेहमी मिलमधल्या कामगाराच्या मुलाचा वर यायचा. "सळई, बाई." दुसरा हात वर यायचा तो मागच्या बाकावरून, दबक्या हसण्यासकट. "परमिट रूम." मग वर्ग फुटायचा. कुणाचे काका वकील, त्याला कोर्टातली वकिलांची खोली ठाऊक. किराणा दुकानदाराच्या मुलीला साबणाची हातभर लांब वडी. कुणाच्या आजोबांच्या गालात तंबाखूचा बार. आणि दरवर्षी एखादी मुलगी अशी असायचीच, वाटूरकडची नाहीतर अंबडकडची, जी शांतपणे उभी राहून म्हणायची, "मोसंबीचा बार, बाई. आंबेबार अन् मृगबार." मी समजावून सांगायचे की बाळा, तो आपला शब्द, बहरातून आलेला; इंग्रजांनी आपल्या मोसंबीला काही केलेलं नाही. एकीला ते पटलंच नाही. म्हणाली, "पण आमच्या घरी तर रोज त्याच बाराचं बोलणं असतंय." मी तिला अर्धा मार्क देऊन खाली बसवलं. आज वाटतं, पूर्ण द्यायला हवा होता.

सगळ्यांचे अर्थ फळ्यावर लिहून झाले की मी हात झटकायचे आणि माझा ठरलेला शेवट करायचे. या सगळ्या इंग्रजी अर्थांच्या मुळाशी एक साधा दांडा आहे, मुलांनो. दाराला आतून घालायचा आडवा दांडा, आपला अडसर. दारूच्या दुकानातलं फळकूट आडवं, गिऱ्हाइकाला अडवणारं. कोर्टातला कठडा आडवा, लोकांना अडवणारा. म्हणून त्या शब्दाचं क्रियापदही अडवणे, मज्जाव करणे, असं आहे. मुलं माना डोलवायची. त्यांना पुढच्या तासाची घाई असायची आणि मला स्वतःच्या हुशारीचं समाधान.

एका संध्याकाळी जेवताना हे सगळं मी यजमानांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे भाकरी मोडली. "तुमच्या पुस्तकातला बार आडवा असंल," ते म्हणाले. "आमचा उभा राह्यतो. त्याच्यावर घर चढतं." मी त्यांना सांगितलं की शब्दांच्या इतिहासात मिलवाल्यांचं काही चालत नाही. ते बरं म्हणाले. बरं म्हणून पुढचा घास घ्यायची त्यांची एक पद्धत होती. तिच्यात हार-जीत असं काही उरायचंच नाही, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा.

हे घर त्यांनी बांधलं तेव्हा सगळं लोखंड स्वतःच्या पाळीत निघालेलं आणलं. सळई हातात धरून, बोट फिरवून ते सांगायचे की ही आमची, ही रात्रपाळीची. स्लॅब पडला आणि नऊ खांबांच्या सळया गच्चीच्या वर तशाच उभ्या सोडल्या. आमच्या गावात हे कुणाला नवीन नाही. अर्ध्या गावाच्या गच्च्यांवर अशा सळया उभ्या असतात, पुढच्या मजल्याची वाट बघत. कुणी त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालतं, कुणी टोचू नये म्हणून टोकांवर रिकाम्या बाटल्या उपड्या घालतं. मिस्तरी म्हणाला होता, दोन-अडीच फूट सोडल्या तरी जोडाला पुरे. पण मिलच्या माणसाला लोखंड कापवत नाही. यजमानांनी पुरुषभर उंच सळया सोडल्या. वाऱ्यानं त्या डोलायच्या. समोरच्या मारवाडी काकी, ज्यांच्या तीन मुलांचे तीन मजले एकावर एक चढले, त्या आमच्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, वर मांडव घालायचाय का?" गल्लीभर झालं ते. यजमान हसले आणि काकींना म्हणाले, "घालू की. तुम्ही जेवाया या बराबर."

स्लॅबला पाणी मारायच्या दिवसांत आम्ही रोज संध्याकाळी वर जायचो. एका संध्याकाळी मी पूर्वेच्या कोपऱ्यात उभी राहिले. तिथून रेल्वेचे रूळ दिसतात आणि रुळांपलीकडे कडुनिंबांची एक वेडीवाकडी रांग. मी म्हणाले, "इथे मला एक खोली पाहिजे. फक्त माझी. आणि या बाजूला खिडकी, पण तिला गज नकोत." मला अजून आठवतं, ते आधी चकित झाले आणि मग गदगदून हसले. ज्याच्या घामाच्या सळया साऱ्या मुलुखाच्या खिडक्यांना लागल्या, त्याच्या बायकोला बिनगजाची खिडकी हवी होती. "माकडं येतील ना, बाई!" मी म्हणाले, येऊ द्या, त्यांना इंग्रजी शिकवीन. त्यावर ते चार खांबांमधून एक चक्कर मारून आले, पावलांनी लांबी-रुंदी मोजली, आणि म्हणाले, "दिली. बिनगजाची खिडकी. आपला शब्द."

खोली हवी होती ती चैन म्हणून नव्हे. खाली दोनच खोल्या आणि स्वयंपाकघर. सासूसासरे, आम्ही, मुलगी. आणि त्यात वाटूरकडच्या गावाहून कुणी ना कुणी आलेलंच असायचं, कुणी दवाखान्याला, कुणी बियाणं न्यायला, कुणी नुसतंच. आमच्या घराचं दार म्हणजे गावाची दुसरी वेस. मी चाळीस-चाळीस वह्या मांडीवर घेऊन बाहेरच्या लोखंडी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून तपासायचे. माझी पुस्तकं धान्याच्या कोठीवर, एका पत्र्याच्या पेटीत. एखादं हवं असलं की आधी वरची अंथरुणं उतरवायची, मग पेटी, मग झुरळं. माणसांचा मला कंटाळा नव्हता, खरं सांगते. पण दिवसातून एक तास, कुणाच्या पानाला काय वाढायचं याचा विचार न करता बसता यावं, एवढं मागणं होतं. आज दिवसाचे चोवीस तास तसे आहेत आणि मला कुणाच्या तरी पानाला काहीतरी वाढायचं आहे.

दरवर्षी खोली पुढे ढकलली जायची. सासऱ्यांचं आजारपण, नणंदेचं लग्न, मुलीचं शिक्षण. पाऊस तोंडावर आला की यजमान एका रविवारी बादलीत सिमेंटचं दाट पाणी कालवायचे, जुना ब्रश घ्यायचे, आणि वर जाऊन सळयांना माखून यायचे, गंज धरू नये म्हणून. आणि मग एका वर्षी खरंच ठरलं. मिस्तरी येऊन माप घेऊन गेला. दारात विटांच्या दोन खेपा पडल्या, वाळू आली. मी शाळेत मैत्रिणींना सांगून मोकळी झाले. पडद्याचं कापडसुद्धा बघून ठेवलं, गजांशिवाय पडदा कसा उडेल याचा विचार करत.

त्याच वर्षी पावसानं तोंड फिरवलं. वाटूरजवळ दिरांची मोसंबीची बाग होती, सासऱ्यांनी लावलेली. बार धरायचा म्हणून मोसंबीचं पाणी काही दिवस तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात; मग पाणी सोडलं की झाड फुलतं. त्या वर्षी झाडं ताणावर गेली ती गेलीच, पाणी सोडायला पाणीच नव्हतं. खोलीसाठी जमवलेलं सगळं यजमानांनी टँकरमध्ये ओतलं. मला विचारलं नाही, सांगितलं. "झाडं मरून राह्यली गं. बापानं लावल्याली हायेत." बापाच्या झाडांपुढे खोली मागायला मला तोंड नव्हतं. पण उन्हाळ्याच्या शेवटी बाग जळालीच. झाडं सरपणाला गेली, आणि दारातल्या वाळूत गल्लीतली मांजरं लोळायला लागली. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला माझ्या जिभेवर जे आलं ते मी अडवलं नाही. मी म्हणाले, "तुमच्या शब्दाला गंज चढलाय. कापून टाका त्या सळया, निदान गच्चीवर वाळवण तरी नीट घालता येईल."

ते बरंही म्हणाले नाहीत. उरलेला घास संपवला आणि स्वतःचं ताट स्वतः उचलून मोरीत घासून ठेवलं, लग्नानंतर पहिल्यांदाच. ताटावर राख घासल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी हट्टी आहे, हे आता तुमच्या ध्यानात आलं असेल. त्या दिवसानंतर मी गच्चीवर पाऊल ठेवलं नाही. कपडे मागच्या बोळात वाळत घातले, कुरडया अंगणात खाटेवर. नंतर गुडघ्यांनी साथ सोडली आणि माझ्या हट्टाला डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली. यजमान मात्र दर उन्हाळ्याच्या शेवटी, मृगाच्या आधी, एका रविवारी बादली घेऊन वर जातच राहिले. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांमधून मला त्यांच्या पोटऱ्या जिना चढताना दिसायच्या. तासाभरानं यायचे, हात कोपरापर्यंत राखाडी. नळाखाली ब्रश इतका वेळ धुवायचे की मी आतून ओरडायचे, "पाणी आठवड्यातून एकदा येतं!" त्यावर "वर गेल्तो जरा," एवढंच. मी "हं" म्हणायचे. त्या विषयावर आमचं संभाषण नऊ-दहा वर्षं एवढंच झालं.

मी स्वतःची समजूत घातली होती की ही त्यांची सवय आहे. मला चुकलेलं स्पेलिंग बघवत नाही, पाटीवर असलं तरी नखानं खरवडावंसं वाटतं; तसं त्यांना गंजलेलं लोखंड बघवत नसेल. वाईट दिवसांत वाटायचं, हा मुकाट टोमणा आहे. मी कापा म्हणाले म्हणून ते माखतात. कधी रात्री झोप नाही आली की वाटायचं, विचारावं का? ते वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलंय का, एवढंच विचारायचं होतं. आणि रुतलं असेल तर चुकले म्हणायचं होतं. वर्गात शंभरदा सॉरी म्हणायला शिकवलेल्या बाईला घरात एकदा ते जमलं नाही. उद्या, परवा करत राहिले. आणि तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत, एका दुपारी, पेपर वाचता वाचता त्यांची मान खाली गेली ती वर आलीच नाही.

त्यानंतर घर रिकामं होत जाण्याचा वेग मला थक्क करून गेला. गावाकडून माणसं येतात, पण आता आपलं काम उरकून संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. रस्ते चांगले झालेत. मुलगी हैदराबादला असते, रोज फोन करते, न चुकता. पण फोन ठेवला की घर आधीपेक्षा जास्त गप्प होतं, हे तिला कसं सांगायचं? या उन्हाळ्यात हॉलच्या छताला ओलीचा एक डाग दिसला. उन्हाळ्यात दिसला म्हणजे गेल्या पावसाचा. मिस्तरीनं वर जाऊन पाहिलं आणि सांगितलं, खांबांवरच्या सळया गंजल्यात, गंजाच्या फटीतून पाणी खाली उतरून राह्यलंय. कापून तोंड बंद करून घ्या. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "आई, कापून टाक गं. वर आता कोण बांधणार आहे?" अगदी खरं होतं तिचं. माझंच वाक्य होतं ते, तेरा वर्षांनी माझ्याकडे परत आलेलं. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी कटरवाल्याला बोलावणं धाडलं.

कटरवाला परतूरकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. मशीन खांद्यावर घेऊन वर गेला. मी खाली बसून आवाजाची वाट बघत होते, दातांच्या दवाखान्यात बसतात तशी, अंग चोरून. आवाज काही येईना. हातोडीची टकटक झाली, थांबली, पुन्हा झाली. मग जिन्यावरून हाक आली, "बाई, जरा वर येता का? एक विच्यारायचं हाये." मी म्हणाले, गुडघे दुखतात, तिथूनच सांगा. तो म्हणाला, "सांगून नाय कळायचं. तुम्हीच बघा." मग मी उठले. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, मी तेरा वर्षांनी माझ्याच घराच्या गच्चीवर गेले.

आधी डोळ्यांना काही कळलं नाही, नुसतं ऊन. मग सळया दिसल्या. जिन्याकडच्या खांबांच्या सळया लालतपकिरी, सालपटं सुटलेल्या. कटरवाल्यानं हात लावला की भुकटी पडत होती. "हे पाच खांब बघा," तो म्हणाला. "ह्यांना लई मागं कधीतरी सिमेंट लावलं व्हतं. मंग कोणी हात लावला न्हाई. गेले हे." मग तो मला पलीकडे घेऊन गेला. "अन् हे चार." ते चार खांब राखाडी आणि जाडजूड होते, सळई आत आहे हे ओळखूही येऊ नये इतके. एका सळईवर त्यानं हातोडीनं खपली काढली होती. आत थरावर थर होते, कांद्यासारखे. "कोणीतरी दर साली येऊन लावलंय, बाई. दहा-बारा बार तरी लावलं असंल." त्यानं बोटानं आतली सळई पुसली. ती निळसर, स्वच्छ होती. "मिलमधून काल आल्यावानी. ह्येच चार का जपले म्हनं? बाकीच्यांना का सोडलं? म्हून तुम्हाला बोलावलं. हे कापू का नको?"

मी मान वर केली. समोर रेल्वेचे रूळ होते आणि रुळांपलीकडे कडुनिंबांची वेडीवाकडी रांग.

त्यांनी मजला सोडून दिला होता. मुलीसाठीच्या खोल्या, गावाकडून येणाऱ्यांसाठीची ऐसपैस पडवी, ते सगळं त्या जळालेल्या बागेबरोबर त्यांनी मनातून काढून टाकलं असणार; पाच खांबांना गंजू दिलं, आणि मिलच्या माणसानं लोखंड गंजू द्यायचं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. पण पूर्वेचे हे चार त्यांनी सोडले नाहीत. मी गजांमधून त्यांच्या पोटऱ्या बघत होते तेव्हा ते वर येऊन माझी खोली सांभाळत होते. आणि मी खालून पाणी पाणी करत ओरडत होते. मला रडू आलं. परक्या माणसासमोर, भर उन्हात, पदर तोंडाला लावून मी लहान पोरीसारखी हमसून हमसून रडले. तो बिचारा बाजूला होऊन उगाच मशीनची वायर गुंडाळत, सोडत राहिला.

"ते पाच कापा," मी म्हणाले.

"अन् हे?"

"हे राहू द्या."

"बांधनार का वर?"

"माहीत नाही हो."

त्यानं पुढे काही विचारलं नाही, यासाठी मी त्याची ऋणी आहे. जाताना मात्र जिन्यावर थांबून म्हणाला, "मंग सिमेंट तेवढं लावून घ्या. तीन सालापासून लावल्यालं न्हाई, वरून तडकून राह्यलंय. म्या पाठवू का कोणाला?" मी म्हणाले, नको, मी लावीन. तो माझ्या गुडघ्यांकडे बघत जिना उतरला.

ब्रश जिन्याखाली होता. खिळ्याला उलटा टांगलेला, बादलीच्या वर. तीन वर्षं तो तिथेच असणार आणि मी त्याच्यासमोरून रोज झाडू मारत गेले असणार. मला वाटलं, सिमेंट सुकून दगड झाला असेल. पण त्याचे केस मऊ होते. शेवटच्या वेळीही त्यांनी तो नळाखाली तसाच धुतला होता, माझी बोलणी खात. मी सिमेंट कालवलं, आधी पातळ झालं, मग गुठळ्या. चार सकाळी लागल्या मला, एका सकाळी एक खांब. हात दुखले, पातळावर डाग पडले, आणि समोरच्या गच्चीवरून मारवाडी काकी, आता त्याही एकट्याच, तिन्ही मजले भाड्यानं दिलेल्या, माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग हात वर केला फक्त.

खोली मी बांधेन की नाही, खरंच माहीत नाही. एकटीला सगळं घर मोठं होतंय, त्यात आणखी खोली कशाला, असं मुलगी म्हणते आणि तिचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. वेळ गेल्यावर मिळालेल्या गोष्टींचं काय करायचं, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. ज्याला सांगायचं तो गेला. जे सांगायचं ते राहिलं. एकटेपणा काही त्या चार खांबांनी कमी केला नाही. उलट एक माणूस एवढं मूकपणे आपल्या बाजूनं उभा होता, हे कळल्यावर त्याचं नसणं जास्त लागतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन वर गेले. एक प्लॅस्टिकची खुर्ची आदल्या दिवशीच चढवून ठेवली होती. चार खांबांच्या मधोमध ती मांडली, पूर्वेकडे तोंड करून, आणि बसले. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, एका बाजूलाही गज नव्हता. रुळांवरून एक मालगाडी सावकाश गेली. आठच्या सुमाराला खाली गल्लीच्या तोंडाशी ट्रक कण्हला आणि लोखंड वाजलं.

"सोळाची," मी म्हणाले. मग थोडं थांबून, अंगणात कुणी नाही ना हे बघून, म्हणाले, "आणि गंज नाही हो चढला. चुकले मी."

चहा निवला होता. तो मी माझ्या खोलीत बसून संपवला.